जागेवर परत येणारा नाच

मर्टन हॉइट यांच्या घशाचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात आमच्या गावचा शनिवारचा नाच जवळजवळ बंदच पडला. एकेचाळीस वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ते शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजवर उभे राहून नाच पुकारत आले होते. आमच्याकडचा नाच पुकारावा लागतो. समोरासमोर दोन लांब रांगा, त्यात चौघाचौघांचे गट, आणि पुढे काय करायचं ते वरून सांगणारा एक आवाज: हात धरा, गिरकी घ्या, पलीकडे जा. आता मर्टनच्या घशातून नुसती कुजबूज येत होती.

समितीच्या बैठकीत बाहेरगावचा एक माणूस कायमचा बोलवावा असं ठरत आलं होतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून अर्लीन केंबल म्हणाली, "मी शिकते की."

अर्लीन त्र्याहत्तर वर्षांची. तेहतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली; गावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी 'खाली बस' म्हणून दरडावलेलं आहे.

"या वयात?" समितीची प्रमुख गेल थिबोडो म्हणाली. ती गावचा कर गोळा करते आणि तिचा चेहराही त्याच कामाचा आहे.

"मग कुठल्या वयात? आधीची सगळी वापरून झाली, गेल."

शेवटी असं ठरलं की मार्च महिन्याच्या नाचात मधल्या सुटीनंतरचा भाग अर्लीनने पुकारायचा. जमलं तर पुढेही तीच. नाही जमलं तर एप्रिलपासून तो बाहेरगावचा माणूस, आणि अर्लीनने पुन्हा चहा-कॉफीच्या टेबलामागे उभं राहायचं. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती तिथेच उभी होती.

दर मंगळवारी ती मर्टनच्या स्वयंपाकघरात शिकायला जायची आणि मलाही न्यायची. मी नाचाच्या वाद्यवृंदात पियानो वाजवते. कुणी शिकवला नाही, माझी मीच शिकले, त्यामुळे मला कुणी मोठी वादक समजत नाही आणि सरावाला कुणीही हक्काने बोलावतं. मर्टनकडे पियानो नाही. मी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, अर्लीन पुकारायची आणि मर्टन चमचा घेऊन बसायचे. चुकलं की चमचा कपावर.

"उशीर," ते कुजबुजायचे.

"उशीर कसला? बरोबर ठेक्यावर पडलं."

"तेच सांगतोय. ठेक्यावर लोकांचं पाऊल पडायला हवं. तुझा शब्द त्याच्या आधी यायला हवा. वळण मागे गेल्यावर स्टिअरिंग फिरवायचीस का तू?"

"मर्टन, एवढी कुजबूज करूनही तू ओरडतोच आहेस असं वाटतं बघ."

शब्द आधी टाकायची ही सवय लागायला तिला दोन महिने लागले. नंतर मात्र ती इतकी लागली की दुकानात गल्ल्यावरची बाई हात पुढे करायच्या आतच अर्लीन म्हणायची, "आणि आता पिशवी." ते ऐकून मर्टन पहिल्यांदा हसले.

दुसरा धडा त्यांनी एकदाच सांगितला. "नाच कधी थांबवायचा नाही. चुकलीस तर सगळ्यांना येतं असं काहीतरी पुकारून टाक. गोल फिरा, गिरकी घ्या. लोकांना वाटतं आपलंच चुकलं. वाटू दे." आणि तिसरा: "पहिली दोन वर्षं दुसऱ्यांनी बांधलेलेच नाच पुकारायचे. स्वतः बांधायच्या भानगडीत पडायचं नाही."

तिसऱ्या धड्याच्या वेळी अर्लीन खिडकीबाहेर बघत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने मला घरी बोलावलं. टेबलावर मिठाच्या दोन आणि मिरपुडीच्या दोन बाटल्या होत्या. म्हणजे दोन जोड्या. शेजारी कार्डावर पेन्सिलीने लिहिलेला, खोडलेला, परत लिहिलेला नाच. तिने चौसष्ट पावलं मोजत बाटल्या फिरवल्या. मीठ मिरीला ओलांडून गेलं, दोघांनी गिरकी घेतली, चौघांनी मधोमध हात धरून चांदणी केली, आणि शेवटच्या पावलाला चारही बाटल्या जिथून निघाल्या होत्या बरोबर तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"सगळे घरी," ती म्हणाली. "कसं वाटतं?"

"छान," मी म्हटलं. मला खरंच छान वाटलं होतं. माझी नजर आजवर पियानोच्या पट्ट्यांवर. नाच मी फक्त पाठीमागून ऐकलेला.

"मर्टनला नको सांगूस."

"त्यांना कळणारच आहे."

"कळू दे, पण नाच झाल्यावर. रोवीना, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी आखलेल्या रस्त्यावर गाडी चालवली गं. एक तरी वळण माझं असू दे."

मी कॉफी प्यायले आणि घरी आले.

मार्चच्या त्या शनिवारी चिखल असा होता की दाराशी काढलेल्या बुटांचा ढीग बघून एखादं शेतच आत आल्यासारखं वाटत होतं. नाचायचे स्वच्छ बूट सगळे पिशवीतून आणतात, त्यामुळे फरशी कोरडी होती. साठेक माणसं असतील. पहिला भाग बाहेरगावच्या त्या माणसाने पुकारला. मधल्या सुटीत घेवड्याची उसळ आणि काळा पाव खाऊन झाला, आणि साडेआठला अर्लीन स्टेजवर चढली. निळा ब्लाऊज, हातात कार्डं. मर्टन पहिल्या खुर्चीत, छातीवर हाताची घडी.

पहिले दोन नाच जुनेच होते आणि चांगले गेले. तिचा शब्द पावलाच्या आधी, नेमका. गेलने एकदा मान हलवली. माझ्या शेजारी व्हायोलिन वाजवणारा डेल म्हणाला, "पोरगी पास." मग अर्लीनने ब्लाऊजच्या खिशातून वेगळं कार्ड काढलं. मर्टनच्या हातांची घडी सुटली. ते काहीतरी म्हणाले, पण त्यांचं म्हणणं दोन खुर्च्यांपलीकडे जात नव्हतं.

नवा नाच आधी एकदा संगीताशिवाय, चालत करून दाखवायचा असतो. अर्लीनने तो केला, पण घाईत. शेवटची आठ पावलं तिने नुसती तोंडाने सांगितली. "मग आपापल्या जोडीदाराबरोबर गिरकी, की झालं." आम्ही सुरू केलं.

आमच्या नाचाची सगळी गंमत एकाच गोष्टीत आहे. चौसष्ट पावलं झाली की प्रत्येक जोडी एक जागा पुढे सरकते आणि तिच्यासमोर नवी जोडी येते. दहा मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात पडून जातो. ज्यांच्याशी कुंपणावरून भांडण आहे त्यांचासुद्धा. अर्लीनच्या नाचात पहिली फेरी संपली आणि लोकांनी नव्या जोडीसाठी हात पुढे केले. समोर मघाचीच माणसं होती. सगळे हसले. प्रत्येकाला वाटलं आपलंच काही चुकलं. दुसरी फेरी झाली, तरी तीच माणसं. तिसऱ्या फेरीला रांगांमध्ये गडबड सुरू झाली. कुणी उगीच पुढे पळालं, कुणी नवऱ्यालाच दटावलं. "तूच डावीकडे गेलास." "तू सोडलास हात." दूधवाला ऑरिन स्लेड बिचारा रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला, शिक्षा झाल्यासारखा.

पट्ट्यांवरून नजर उचलून मी अर्लीनकडे बघितलं. तिला कळलं होतं. मर्टननी हवेत बोट गोल फिरवलं: गोल पुकार, गिरकी पुकार, झाकून टाक. दोन शब्दांचं काम होतं. लोकांनी दोष स्वतःवर घेतलाच होता, आणि समितीला काही कळलंही नसतं.

अर्लीनने एक बोट वर केलं. याचा अर्थ, ही शेवटची फेरी. डेलने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती फेरी संपताच आम्ही थांबलो. त्या हॉलमध्ये नाच अर्धवट असताना थांबलेलं संगीत मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"ऑरिन, परत ये," ती माईकमध्ये म्हणाली. "तुझं काही चुकलेलं नाही. कुणाचंच नाही. हा नाच मी बांधलाय आणि त्यात कुणी पुढेच सरकत नाही."

मग मर्टन हळूच उठले आणि स्टेजच्या कडेला येऊन कुजबुजले. माईक जवळ होता, म्हणून ते सगळ्या हॉलने ऐकलं. "तेहतीस वर्षं जिथून उचललं तिथेच आणून सोडलंस. दुसरं काय करणार तू?"

असा हशा मी तिथे क्वचित ऐकलाय. अर्लीनही हसली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही चाळीस चाळीस वर्षं नाचताय. मी चार महिने शिकतेय. कुठून पुढे काढू तुम्हाला?"

मग जे सुरू झालं ते गावसभेत होतं तसंच. एकाच वेळी पाच जण बोलायला लागले. कुणी म्हणालं चांदणी काढून टाक. कुणी म्हणालं चांदणीच तर चांगली आहे, हात लावू नकोस. गेल म्हणाली की हे सगळं आधी घरी तपासून आणायचं असतं. त्यावर कुणीतरी तिला तिने चुकीच्या पाठवलेल्या करपावत्यांची आठवण करून दिली. अर्लीनने चौघांना मधे बोलावलं आणि एकेक पाऊल चालवून बघितलं. ऑरिनच म्हणाला, "शेवटच्या गिरकीत आठ पावलं कशाला? चारच घेऊ दे. उरलेल्या चारात समोरच्यांना ओलांडून सरळ पुढे."

तिने चौघांना तसं चालवलं. ती माणसं गिरकीतून सुटली, एकमेकांना उजव्या खांद्याने ओलांडून गेली, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभी राहिली, जिथे आता कुणीतरी दुसरं असणार होतं.

"लिहून घे," मर्टन म्हणाले. अर्लीनने कार्ड पियानोवर ठेवून माझ्याच पेन्सिलीने लिहिलं.

"तुम्ही असा नाच थांबवला असतात?" मी त्यांना हळूच विचारलं.

"एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही."

"चुकलात तर असाल."

"दर महिन्याला," ते म्हणाले, आणि समोर उभ्या माणसांकडे बघत राहिले. त्यातल्या कितीजणांनी त्यांच्या चुका आपल्या समजून घरी नेल्या असतील, कोण जाणे.

आम्ही पुन्हा सुरू केलं. या वेळी रांगा सरकायला लागल्या. जोड्या एकेक जागा वर येत होत्या, एकेक खाली जात होत्या. अर्लीनचा शब्द आधी, मग साठ माणसांची पावलं. सहाव्या-सातव्या फेरीला गेल आपल्या नवऱ्याबरोबर सरकत सरकत अगदी स्टेजपाशी आली. टोकाला पोचलेल्या जोडीला एक फेरी नुसतं उभं राहावं लागतं. ती उभी राहिली, केस नीट केले, आणि वर न बघता म्हणाली, "एप्रिलला पूर्ण वेळ तूच पुकार. मात्र नाच घरी तपासून आण."

अर्लीनला उत्तर द्यायला वेळ नव्हता. पुढचा पुकार द्यायचा होता. तिने मान तेवढी हलवली.

मग त्याच फेरीत गेलने नवऱ्याला बाजूला बसवलं आणि मर्टनसमोर हात पुढे केला. पुकारणाऱ्याला कधी नाचायला मिळत नाही. एकेचाळीस वर्षं ते वरूनच बघत आले होते. ते जरा अडखळत रांगेत शिरले. त्या हॉलमधला प्रत्येक नाच त्यांना पाठ होता, हा एक सोडून. गेलचा हात धरून, मान वर करून, ते अर्लीनच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, बाकी सगळ्यांसारखेच, ती काय सांगते याची वाट बघत.