पाचवं दार

"ताई, जरा बाजूक व्हा, धूळ लागात," असं म्हणत शत्रुघ्नने चौकटीतली शेवटची खुंटी ठोकून बाहेर काढली आणि जुन्या कुवेती घराचं भलंमोठं दार अलगद जमिनीवर आडवं केलं. घर म्हणजे गोदामात उभारलेला टीव्ही मालिकेचा सेट. पण दारं खरी होती, सागवानी, आणि सगळी त्याच्याच हातची.

गोदामातलं सामान बघून येते, असं सांगून योगिनी ऑफिसातून निघाली होती. खरं काम वेगळंच होतं आणि ते काही केल्या जिभेवर येत नव्हतं.

मालिका कुवेतमधल्या एका कुटुंबाची, पण तिचं पुढचं पर्व आता कुवेतात होणार नव्हतं. शेजारच्या देशात चित्रीकरण केलं, की तिथे झालेल्या खर्चाचा मोठा हिस्सा तिथलं सरकार परत देतं. अशी सवलत दिसल्यावर निर्माते कसले थांबतात? घर तेच दिसायला हवं म्हणून दारं तेवढी इथून जाणार होती. कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या ऑफिसात हा सगळा हिशेब मांडला होता योगिनीनेच. मूळची नाशिकची, हिशेबाला पक्की. अट एवढीच होती, की इथून नेलेल्या माणसांच्या पगारावर परतावा नाही. "मग सुतार तिथलाच घेऊ," असं ती मीटिंगमध्ये सहज बोलून गेली. साहेबांनी मान डोलावली आणि शत्रुघ्नचं नाव गळलं.

त्याच संध्याकाळी लिफ्टपाशी त्याने विचारलं होतं, "मी पण जातलंय मा, ताई?" आणि ती म्हणाली होती, "होईल हो." नाही म्हणायचं धैर्य नसलं की आपली माणसं 'होईल' म्हणतात. ऐकणारा मात्र त्यावर घर बांधतो.

शत्रुघ्न कुडाळकडचा. महबूला वस्तीत तिच्याच गल्लीत चार जणांच्या खोलीत राहायचा. ती कुवेतात नवी असताना दुकानातल्या पाटीवरचे अरबी आकडे पाहून गोंधळली, तेव्हा मागून यानेच हसून सांगितलं होतं, "ह्येंचो पाच म्हणजे आपला शून्य. ध्यानात ठेवा, नायतर फसाल."

"माजो व्हिसा कधी येतलो?" त्याने आता विचारलं. "शुऐबातल्या कारखान्यातसून बोलावणा इल्ला. नाय म्हणान सांगलंय."

योगिनीने लगेच विचारलं, "नाही का म्हणालात?"

"तुमी 'होईल' म्हटलात ना."

"परत विचारून बघा त्यांना. आजच."

"दुसरो घेतलो त्येनी." तिच्याकडे पाहत त्याने विचारलं, "कित्याक, काय झाला?"

ती खोक्यावर बसली. लाजेने मान वर होईना. "शत्रुघ्न, तुमचा व्हिसा नाही येणार. तिथलाच सुतार घेणार आहेत."

"तुमका कधी कळला?"

"पहिल्यापासून माहीत होतं. तुमचं नाव मीच काढायला लावलं. आणि वर तुम्हाला होईल म्हणाले."

त्याने चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याने मात्र हातातली खुंटी खाली ठेवली. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या दारांकडे बघून म्हणाला, "मगे ह्ये आकडे त्येंका कशे समाजतले?"

प्रत्येक दारावर आणि त्याच्या चौकटीवर त्याने खडूने जोडीचा आकडा घातला होता, एक, दोन, तीन, आपल्या मराठीत. "मियाच जोडतलंय म्हणान घातलंय," तो म्हणाला. "हेचा दार तेका लावतले आणि मगे म्हणतले, काम वायट होता."

"राहू दे. मी दुसऱ्या कोणाला तरी सांगते."

"नको. दारां माजी हत."

त्याने फडकं ओलं केलं. एकेक आकडा पुसत, त्याच जागी अरबी आकडा घालत तो पुढे सरकू लागला. योगिनीने मदतीला हात पुढे केला, तेव्हा त्याने फडकं दिलं नाही.

पाचव्या दारावर त्याने मोठं, गोल शून्य काढलं आणि मागे वळून विचारलं, "बघा ताई, बरोबर हा ना?"

"बरोबर आहे," योगिनी म्हणाली.