तारेची किंकाळी

फरशीवाल्याचा अंगठा म्हणजे अंगठा कसला, सिमेंट खाऊन खाऊन झालेला दगडच. तीस वर्षं फरश्या बसवल्यावर दुसरं काय होणार? आणि नेमकं त्या अंगठ्यापाशीच आता घोडं अडलं होतं.

इलेक्ट्रिक गिटार त्याच्या मुलीची. बारावीच्या वर्षी ती दिवसभर एकच गोष्ट घोटायची. पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या चिमुकल्या चकतीने, तार छेडता छेडता अंगठ्याची कड तारेला निसटती लावायची, की साधा सूर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळायचा. एका दुपारी तो कामावरून डोकं तापवून घरी आला. पिशवीत पक्कड होतीच. सहाच्या सहा तारा त्याने कापल्या. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पुढे ती शिकायला लांब गेली, तिकडेच नोकरीला लागली. दर रविवारी सकाळी फोन करायची, मोजून पाच मिनिटं. गोळी घेतली का, आई कशी आहे, ठेवते.

त्या पाच मिनिटांत माफी कुठे मागणार? असलं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. मग त्याने ठरवलं, तोंडाने नाही जमत तर तिची ती किंकाळीच तिला वाजवून दाखवायची. तिला कळेल.

वाद्यांच्या दुकानातल्या कारागिराने नव्या तारा चढवल्या, युक्तीही दाखवली. "काका, पिक अगदी टोकाशी धरा. अंगठा लागला न लागला असं करा. दाबलात की सूर मेला."

आता जन्मभर ठोकून, दाबून फरशी बसवलेला माणूस तो. लागला न लागला म्हणजे किती, हे त्याला कोण सांगणार? सूर मरतच राहिला. अंगठ्याची कातडी त्याने घासदगडाने लालबुंद होईतो घासली.

"अहो, बैल गेला आणि झोपा केला," बायको म्हणाली. "चुकलो म्हणा की पोरीला सरळ. दोन शब्द तर आहेत."

त्याने पिक पुन्हा टोकाशी धरलं.

सात महिन्यांनी एका दुपारी तार किंचाळली. स्वयंपाकघरात बायकोच्या हातून झाकण पडलं. त्याने पुन्हा वाजवलं, पुन्हा किंचाळली. बायको डोळे पुसत दारात येऊन उभी राहिली.

रविवारी साखरेच्या डब्याला फोन टेकवून त्याने व्हिडिओ कॉलवर वाजवलं. मुलगी नुसती बघत होती.

"बाबा, काही ऐकू येत नाहीये. हात हलतोय फक्त."

त्याने गिटारच्या स्पीकरचा आवाज वाढवला. अख्ख्या इमारतीने ऐकलं असेल.

"फोन असले आवाज गाळतो, बाबा. त्याला तो खडखडाट वाटतो. बोलणं तेवढं पुढे सोडतो."

"तू वाजवायचीस ना, ते आहे," तो म्हणाला.

ती फोनच्या अगदी जवळ येऊन गिटारकडे बघायला लागली. नव्या तारा तिला दिसल्या असाव्यात.

"मी सोडलं ते, बाबा. त्याच दिवशी. इथे एकदा दुकानात हातात घेतली होती गिटार, पण न वाजवताच परत ठेवली." मग ती थांबली. तो काहीतरी म्हणेल म्हणून थांबली, हे त्यालाही कळलं. बायकोने त्याला कोपर मारलं. त्याने पिक टोकाशी धरून तीच तार पुन्हा छेडली.

"गोळी घेतली ना?" शेवटी तिनेच विचारलं.

"घेतली," तो म्हणाला.