प्रॉम्प्टर नसलेली मंडळी

कनकलता समाद्दार यांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून चुरमुऱ्यांच्या वाडग्याशेजारी आपटला. बंगालमधल्या कोन्नगरच्या 'उठोन', म्हणजे 'अंगण', या नाटकमंडळीला पन्नास वर्षं होत होती, आणि मंडळीचा इतिहास लिहायचं काम मंडळीतल्या तिस्ताकडे होतं.

"इतिहास लिहिलायस की निशीथदाची आरती?"

"काय चुकलं, कनकदी?"

"हे बघ. 'प्रेक्षकांतून संवाद यावा, ही दिग्दर्शकाची क्रांतिकारक कल्पना.' कल्पना, डोंबलाची! ओळ विसरला होता तो, ओळ!"

झालं होतं असं. मंच नाही, पडदा नाही, अंगणात चारी बाजूंनी माणसं बसवून ही मंडळी नाटक करायची. जाहिरातीत ठसठशीत छापायची, 'आमच्याकडे प्रॉम्प्टर नाही.' साफ खोटं. प्रॉम्प्टर होत्या कनकदी. लपायला विंगच नव्हती, म्हणून त्या सगळं नाटक पाठ करून लोकांत बसायच्या, माकडटोपी विणत, आणि कोणी अडलं की पुटपुटायच्या. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात दिग्दर्शक निशीथदा स्वतः काम करताना गिरणीच्या फाटकाच्या प्रवेशात अडले. कनकदी दोनदा पुटपुटल्या, पण ठोंब्याला ऐकूच जाईना. तिसऱ्यांदा त्यांचं डोकं फिरलं आणि त्या ओरडल्या, "फाटक बंद आहे, पण हात तर मोकळे आहेत ना?"

शेजारी बसलेल्या गिरणी कामगाराला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तो उठून म्हणाला, "आहेत!" मग अख्खं अंगण उठलं. पेपरात कौतुक आलं, आणि त्या दिवसापासून प्रेक्षकांतून संवाद येणं हीच मंडळीची ओळख झाली. कनकदींचं नाव मात्र छापणार कुठे? प्रॉम्प्टर नव्हताच ना!

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"मंडळीची अब्रू होती, म्हणून. पण मी मेल्यावर हे सांगणार कोण?"

तिस्ता तडक निशीथदांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि रविवारच्या नाटकाची वेळ तेवढी सांगितली.

"वाटलंच मला," तिस्ताने परत येऊन सांगितल्यावर कनकदी म्हणाल्या, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी, पन्नाशीच्या सोहळ्यात, त्याच अंगणात तेच नाटक लागलं. एकोणऐंशी वर्षांचे निशीथदा फाटकाच्या प्रवेशाशी आले आणि थांबले. लोक चुळबुळले. म्हातारा विसरला बहुतेक! नेहमीसारख्या लोकांत विणत बसलेल्या कनकदींच्या सुया थांबल्या. राग नाकावर होता, तरी ओठ हललेच. जित्याची खोड.

निशीथदांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही. प्रॉम्प्टर, जरा मोठ्याने!"

तो शब्द त्या अंगणात कधी कोणी उच्चारला नव्हता. सगळ्यांच्या माना वळल्या. कनकदी लोकर सावरत उभ्या राहिल्या. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता, पण आवाज काही कापला नाही. ओळ अशी खणखणीत आली, की रस्त्यापलीकडचा भजीवालाही झारा उंचावून ओरडला, "आहेत!"