राहिलेला अर्धा धडा

"हे तुमीच सांगितल्तं का, सर?"

धुळाजी वर्गाच्या दाराबाहेर वहाणा काढून उभा होता. हातात मुलीची विज्ञानाची वही, तीही उलटी धरलेली. तातेराव सरांनी ती घेऊन सुलटी केली आणि कोपरा दुमडलेलं पान उघडलं. साळूचं टपोरं अक्षर होतं. 'एंड्रिन हे कार्बनी संयुग आहे. ते पाण्यात विरघळत नाही.' खाली अर्धं पान कोरं होतं.

"पोरगी चार दिसांपासून जेवंना. म्हन्ती, मीच मारलं आईला. तिनं चुकीचं लिव्हलं, का तुमी तसंच सांगितल्तं, तेवढं बोला."

कपाशीवर फवारलेल्या एंड्रिन या कीटकनाशकाचा रिकामा डबा साळूच्या आईनं, आसराबाईनं, घरी आणला होता. बहात्तरच्या दुष्काळापासून त्या गावात चांगला पत्र्याचा डबा कोणी टाकून देत नव्हतं. राखेनं तीनदा घासला, तरी तिचं मन धजेना. तेव्हा दहावीतली लेक म्हणाली, "विरघळतच न्हाई आई ते पाण्यात. सरांनी शिकवलंय." लेकीच्या शाळेवर बाईचा फार भरवसा. डब्यात प्यायचं पाणी भरून तिनं तो शेतात नेला. दुपारी तिला झटके आले आणि अंबडच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच ती संपली.

तातेराव कालच गावात परतले होते. बाई डब्यातल्या पाण्यानं गेली, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यात आपलं वाक्य आहे, हे मात्र त्यांना आत्ता कळलं.

तो तास त्यांना लख्ख आठवत होता. पुढचं वाक्य जिभेवर होतं. विरघळत नाही, म्हणूनच ते धुतल्यानं निघत नाही. शिवाय पाण्यात मिसळावं म्हणून औषधात साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं, त्यानं विष पाण्यात उतरतं. तेवढ्यात घंटा झाली. "उरलेलं उद्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी हुकूम आला आणि आठ दिवस ते कुटुंबनियोजनासाठी नसबंदीच्या केसेस गोळा करत दारोदार हिंडले. साल शहात्तर होतं, आणीबाणीचं. मास्तरानं नाही म्हणायची सोय नव्हती.

शेजारच्या वर्गातून बद्रीनाथ सर, म्हणजे मुख्याध्यापक, लगबगीनं आले. त्यांनी तातेरावांना बाजूला ओढलं.

"पोरीनं चुकून लिव्हलं म्हना अन् मोकळे व्हा. तुमी अजून कायम न्हाईत. अख्खं गाव शाळेवर येईल."

माणूस वाईट नव्हता, त्याला शाळा चालवायची होती. तातेराव म्हणजे त्यांच्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. ही नोकरी गेली तर पुन्हा मिळेलच असं नव्हतं.

ते दाराशी परत आले. "बराबर लिव्हलंय तिनं. मीच अर्धं सांगितलं."

वर्गातल्या चाळीस पोरांनी ते ऐकलं. धुळाजी आता मारणार असं वाटलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग घरी चला," तो म्हणाला. "हे तिला सांगा."

साळू ओट्यावर बसली होती. "तुझी चूक न्हाई, बाळा," सर म्हणाले. तिनं मान वर केली नाही. हे तिला चार दिवस सगळेच सांगत होते.

मग सरांनी गोडेतेलाची वाटी आणि पाण्याचा तांब्या मागून घेतला. तेलात बोट बुडवलं आणि ते पाण्यात घालून बाहेर काढलं.

"तेल पाण्यात विरघळलं का?"

"न्हाई."

"मंग बोट साफ झालं का?"

ती त्या तेलकट बोटाकडे बघत राहिली. "पन आईनं राखेनं घासल्ता, सर."

"पत्र्याच्या सांध्यात राहतं ते."

"चवथ्यांदा घासाया बसल्ती," साळू म्हणाली. "मीच म्हनले, बास झालं."

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. धुळाजीनं आतून पेन आणून लेकीच्या हातात दिलं. सरांनी राहिलेला धडा सांगितला, तिनं कोऱ्या अर्ध्या पानावर तो उतरवला. लिहून झाल्यावर वर्गातल्या सवयीनं तिनं वही तपासायला पुढे केली.

तातेरावांनी खिशातलं लाल पेन काढलं. वरच्या जुन्या दोन ओळींशेजारी 'अपुरे' असा शेरा लिहिला, आणि त्याखाली, सही न करता, विद्यार्थी लिहितो तसं स्वतःचं पूर्ण नाव.