मुरायला ठेवलेली फळं

आमचे बाबा लाकडी सामानाला पॉलिश करतात. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट घासावी, पुसावी, तिच्यावर एक हात मारावा आणि मुरायला ठेवावी, असं त्यांचं ठाम मत आहे. आईपुढे मात्र त्यांचं काही चालेना. लांबलेल्या दुखण्यातून ती उठली, पण तोंडाची चव तिथेच ठेवून आली. सूप असो नाहीतर भात, सगळं तिला मातीसारखं लागायचं. दोन घास झाले की ताट बाजूला. वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून मला धड झोप नव्हती, आणि झोप नसली की माझी जीभ जरा जास्तच चालते.

रविवारी बाबा पिशवीभर फळं घेऊन आले.

"आज हिला फळांचं सॅलड. मी करणार. तू लुडबुड करायची नाहीस."

"बाबा, तुम्हाला साधा चहा जमत नाही."

"चहात काय कसब आहे?"

आधी त्यांनी हात धुतले. पॉलिशचा वास आईपर्यंत जाऊ नये म्हणून नखं ब्रशने घासघासून लाल केली. मग कलिंगड, खरबूज, आंबा, सगळ्याच्या फोडी ठोकळ्यांसारख्या एका मापाच्या. द्राक्षं चौकोनी होत नाहीत याचा त्यांना मनापासून राग आला. संत्र्याचा आणि लिंबाचा रस, मध, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल त्यांनी वाटीत फेटली. इथवर ठीक होतं. मी आईचे केस धुवायला गेले आणि परत येऊन बघते, तर तो सगळा रस फळांवर ओतून वर झाकण.

"आत्ताच का ओतलंत? ऐन वेळी ओतायचं असतं."

"पहिला हात मुरायला वेळ द्यावा लागतो."

"ते लाकूड नाही, बाबा. कलिंगड आहे."

व्हायचं तेच झालं. जेवायच्या वेळी झाकण काढलं तर मलूल फोडी पाण्यात तरंगत होत्या. बाबांचा चेहरा पडला.

"टाकून दे," ते हळूच म्हणाले.

'घ्या, मुरलं' हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांच्या लाल नखांकडे बघून मी ते गिळलं.

"आणा इकडे," आई म्हणाली. "एवढं केलंयत तर बघू."

मी वाटी भरून दिली. तिने एक फोड तोंडात घातली आणि चमचा खाली ठेवला. मग तिने वाटीच उचलून तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं.

"लिंबू जास्त झालंय."

इतक्या महिन्यांत मातीखेरीज कुठलीच चव तिने सांगितली नव्हती.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"आंबट आहे म्हटलं. कानही मुरायला ठेवलेत का?"

आयुष्यभर तिच्या प्रत्येक बोलण्याला उलट उत्तर देणारे बाबा मुकाट्याने म्हणाले, "हो. जास्तच झालंय." आणि बाहीने डोळे पुसले. मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

पाठीमागे चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज आला.

"अजून आहे का?" आईने विचारलं.