सहाचा दिवा

तापाच्या साथीमुळे गल्ली बंद झाली, घराबाहेर पडायची मनाई झाली, त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली. सकाळी सहाला प्रत्येकाने रस्त्याकडच्या खिडकीतला दिवा लावायचा आणि पाव तासाने मालवायचा. दिवा दिसला की घरातलं माणूस उठलंय, धडधाकट आहे, असं समजायचं. फोन करून विचारणं सोपं होतं, पण अकरा घरांपैकी चार घरांतल्या म्हाताऱ्यांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं, आणि शिंपीणबाईंना फोन लावला की तासाभराची निश्चिंती. त्यापेक्षा दिवा बरा.

दिवे टिपून ठेवायचं काम बाईंकडे आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेतले होते. निवृत्त होऊनही गल्लीला त्या बाईच होत्या. दुसऱ्या कोणी नुसती बरोबरची खूण केली असती. बाईंनी वही आखली आणि प्रत्येक घरापुढे वेळ लिहायला सुरुवात केली, मिनिटासकट.

"वहिनी, उघडला का हजेरीपट?" त्यांच्या नणंदबाई अंथरुणातूनच विचारायच्या. त्या घरात दोघीच होत्या. "कोण कोण शिल्लक आहे सांगा, म्हणजे मी चहा ठेवते."

"वन्सं, सकाळी सकाळी काय हे अभद्र!"

"अभद्र कसलं? मी गेले तर माझ्या नावापुढेही वेळ लिहाल तुम्ही. आणि वर म्हणाल, दोन मिनिटं उशीर केलात."

समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर घड्याळकाका राहायचे. खाली दुकान, वर खोली, मागेपुढे कोणी नाही. कान पार गेलेले. "घड्याळ बोटांना ऐकू येतं," ते म्हणायचे, "आणि माणसांचं न ऐकलेलंच बरं." दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्याने चिठ्ठी बांधत. वर मालकाचं नाव, खाली दुखणं. बाईंचं भिंतीवरचं घड्याळ एकदा त्यांच्याकडून परत आलं तेव्हा ती चिठ्ठी तशीच लोंबत होती: 'बाई. मागे पडतं.' वन्सं त्यावर आठवडाभर हसल्या होत्या.

काकांचा दिवा वहीत कधी पाच अठ्ठावन्नला असायचा, कधी सहा चारला. एका बुधवारी मात्र साडेसहा झाले तरी खिडकी अंधारीच. बाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी किराणेवाल्याला हाका मारून उठवलं, त्याच्या बायकोने शिंपीणबाईंना उठवलं, आणि सगळी गल्ली गॅलऱ्यांत गोळा झाली. सहा चाळीसला दिवा लागला. काका एका हाताने चौकट धरून खिडकीत उभे राहिले.

"काका!" बाईंनी वर्गातला आवाज लावला आणि मनगटावर बोट आपटून दाखवलं. "जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं नीट केलीत, आणि स्वतः चाळीस मिनिटं मागे?"

गल्ली खो खो हसली. किती दिवसांनी हसली. काकांना शब्द कळले नसतील, पण बोट कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी आपले निकामी कान पकडले आणि ते हळूच आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा दिवा वेळेवर लागू लागला. सहा म्हणजे सहा.

"बघा वन्सं, बोललं की शिस्त लागते," बाई म्हणाल्या.

"तुमचा धाक! यमसुद्धा पाटी घेऊन रांगेत उभा राहील."

दर शनिवारी दुपारी किराणेवाला घरोघर सामान पोहोचवायचा. काकांच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडलेली असे. पिशवी ठेवून दोरीला हिसका दिला की काका टोपली वर ओढून घेत. दिवा वेळेवर लागू लागला त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्यांनी ती ओढून घेतली. दुसऱ्या शनिवारी टोपली खालीच राहिली.

"डोळा लागला असेल," किराणेवाला खालून म्हणाला. "सकाळी दिवा होता ना, बाई?"

"होता. बरोबर सहाला."

"मग झालं तर."

पण पिशवी चार वाजता तिथेच होती, पाच वाजताही. बाई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. अंधारून आलं. आणि काकांचा दिवा लागला.

"लागला बाई एकदाचा!" वन्सं म्हणाल्या. "उगाच मी देव पाण्यात ठेवायला निघाले होते. चला, आत चला आता."

बाईंनी सवयीने घड्याळ पाहिलं. सहा. त्या उठल्या नाहीत. एकेका खिडकीत दिवे लागत गेले, गल्लीत पुरता काळोख झाला, आणि सव्वासहाला काकांचा दिवा विझला.

काळोख पडल्यावर दिवा कोण मालवतं?

बाईंनी वही उघडली. काकांच्या नावापुढची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. पाच अठ्ठावन्न. सहा चार. सहा एक. सहा चाळीस. आणि मग सहा, सहा, सहा, सहा. दहा दिवस नुसते सहा. एखाद्या मुलाने अशी वही पुढे केली असती तर त्यांनी तांबड्या शाईने आडवी रेघ मारली असती. सगळी मापं सारखी आली म्हणजे मोजलेलंच नाही, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. हात कापतो, डोळा चुकतो, माणूस एकदा लवकर उठतो, एकदा उशिरा. आणि इथे स्वतःच्या अक्षरात रोज सहा लिहून त्या खूश होत होत्या. हा दिवा माणूस लावत नव्हता. काट्याला सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात फोन लावा."

तासाभरात पांढऱ्या पोशाखातली चार माणसं आली. त्यांनी दार उघडलं. गल्ली पुन्हा गॅलऱ्यांत उभी होती. काकांना खाली आणलं तेव्हा शिंपीणबाईंनी पदर तोंडाशी धरला.

त्यांच्यातली नर्स जाताना बाईंच्या खिडकीखाली थांबली.

"चार दिवस तरी झाले असावेत," ती म्हणाली. "उशाशी तापाच्या गोळ्यांची पाकिटं पडली होती, रिकामी. आधीही आठवडाभर ताप असणार. उठवत नसेल त्यांना वेळेवर." तिने वळून काकांच्या खिडकीकडे पाहिलं. "दिव्याच्या बटणाला एक जुनं घड्याळ जोडलंय, किल्लीचं, एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालणारं. तारा लावल्यात, तांब्याची पट्टी आहे. आम्ही कशालाच हात लावला नाही. खोली पंधरा दिवस बंद राहील. त्या घड्याळाला एक चिठ्ठी आहे. इथे 'बाई' कोण?"

बाईंनी हात वर केला. वन्संनीच विचारलं, "काय लिहिलंय?"

"वर 'बाई'. आणि खाली, 'उशीर होतो.'"

नर्स गेल्यावर वन्संनी खिडकी लावून घेतली. "वहिनी, चौकट धरून उभे होते हे सगळ्यांनीच पाहिलं. हसलो तर आपण सगळेच."

"बोलले मी एकटीच," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी बंद खोलीत दिवा लागला. सहा एक. बाईंनी लिहिलं. सोमवारी सहा तीन. मंगळवारी सहा नऊ. घड्याळाची कमान सैल पडत चालली होती. किल्ली द्यायला आता कोणी नव्हतं. वही पुन्हा जिवंत माणसाच्या वहीसारखी दिसू लागली.

बुधवारी सहा वाजून गेले. सव्वासहा झाले. दहा खिडक्यांतले दिवे लागले आणि मालवले गेले. साडेसहाला वन्सं चहाचे दोन कप घेऊन आल्या. बाई हातात पेन धरून समोर बघत बसल्या होत्या. वहीतला शेवटचा चौकोन रिकामा होता.

"वहिनी, चला आता. गार वारा सुटलाय."

"थांबा जरा, वन्सं," बाई म्हणाल्या. "काकांना कधीकधी उशीर होतो."