भिंगरीची चाल

“हा कोण आता?” आईनं विचारलं.

टीव्हीच्या पडद्यावर कंदीलवाला कौलांवरून धावत होता. पाठ ताठ, हात मोकळे, पाय अगदी तालात. गेम कंपनीचा माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता. चाळिशीचा बाप्या, पण हातात कंट्रोलर आल्यावर शाळकरी पोरासारखा खुलला होता.

“आजी, ओळखलं नाहीत? कंदीलवाला! तुमच्या मुलीनंच काढलाय की.”

“कंदीलवाला आहे ते दिसतंय मला. डोळे गेलेत, पण इतके नाही गेले. भिंगरी कुठंय?”

त्याला काही उमगलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात बिल्लेवाली चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला सगळी गल्ली बिल्लेवालीच म्हणायची. शाळेच्या गणवेशांच्या खिशांवरचे बिल्ले ती घरच्या मशीनवर भरायची. दिवा, पुस्तक, उगवता सूर्य, खाली शाळेचं नाव. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी, एक चौकट म्हणजे एक टाका. तरुणपणी याच हातानं तिला एका छोट्या गेम कंपनीत नोकरी मिळाली होती, कारण तेव्हा गेममधली माणसंसुद्धा अशीच चौकटी भरून काढत. मालकानं सांगितलं, “कौलांवरून उड्या मारत कंदील लावत जाणारा माणूस पाहिजे. पळताना काढ.” आता पळणारा माणूस म्हटला की तिच्या डोळ्यांसमोर एकच यायचा. तिचा धाकटा भाऊ.

लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय वाळला होता. पण घरात टिकेल तर शपथ! पायाला भिंगरी लावल्यासारखा दिवसभर बाहेर, म्हणून आईनंच त्याचं नाव भिंगरी पाडलं. डावा पाय टेकला की डावा तळहात गुडघ्यावर दाबायचा, कमरेतून एक झोका घ्यायचा आणि पुढे. धावतानाही तेच, जिना चढतानाही तेच. नुसता उभा असला तरी हात गुडघ्यावरच. तिनं ते जसंच्या तसं चौकटींत उतरवलं. मालकानं एकदा बघितलं न बघितलं. “उडी मारतोय ना? मग चालू दे,” म्हणाला आणि गेला.

गेम दणकून आपटला. त्याच महिन्यात मोठ्या कंपनीचा मोठा गेम आला आणि कंदीलवाल्याच्या कॅसेटी दुकानांत काउंटरखाली धूळ खात पडल्या. एका मासिकानं चार ओळी छापल्या, त्याही चालीची टिंगल करायला. नायकाच्या पोटात दुखतंय की काय, म्हणे. भिंगरी मात्र स्वतःला पडद्यावर बघून लोळण घेऊन हसला होता. “ताई, अगं मी कौलांवर! आईला म्हणावं, आता मला बडवायला शिडी आण.” पुढच्याच वर्षी छातीच्या दुखण्यात तो गेला.

फोटो होते त्याचे, पण सगळे बसलेले. फोटोवाला आधी खुर्ची पुढे करायचा. चालताफिरता तो उरला फक्त त्या कॅसेटीत. आई रोज संध्याकाळी गेमचं ते जुनं मशीन लावायची. खेळायची नाही, कंदील लावायची नाही. नुसती त्याला कौलांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. गेल्या उन्हाळ्यात मशीन बसलं ते बसलंच. मेकॅनिकनं उघडलं, फुंकर मारली, परत बंद केलं. “याचे पार्ट आता मिळायचे नाहीत,” म्हणाला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की आई काळ्या पडद्यासमोर जाऊन बसायची. ते बघवत नसे.

म्हणून तर नव्या कंपनीचा फोन आला तेव्हा बिल्लेवाली हरखली होती. जुना गेम नव्या मशीनवर येणार होता. घरी येऊन दाखवतो, तुमचे दोन शब्द कॅमेऱ्यावर घेतो, असं माणूस म्हणाला. तिनं जाळी-जळमटं काढली, टीव्ही पुसला, आईला सकाळीच सांगून ठेवलं, “आज भिंगरी येतोय.”

आणि आला कोण? तर हा ताठ कण्याचा परका!

“चाल कुणी बदलली?” तिनं विचारलं.

माणूस खूश झाला. “मीच! मॅडम, लहानपणापासून माझा लाडका गेम हा. मित्र हसायचे मला, कसला लंगडा गेम खेळतोस म्हणून. हा गेम परत काढा म्हणून कंपनीच्या मागे लागलो तोही मीच. तेव्हाच ठरवलं, एवढा एक बग काढायचाच.”

“बग?”

“म्हणजे चूक हो. हात मध्येच गुडघ्याला चिकटायचा ना. घाईत झालं असणार, त्या काळी मालक लोक मागेच लागायचे...”

तिनं कप असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला. “घाईत? एकेका चित्रासाठी पळवलंय मी त्याला. दमला की पाणी पाजून परत पळवलंय. घाईत म्हणे! तुम्ही उभ्या जन्मात लंगडा माणूस बघितला नाहीत?”

“बघितलाय, पण... गेममध्ये...”

“गेममध्ये का नको? उड्या मारत नव्हता? कंदील लावत नव्हता? शेवटच्या मनोऱ्यावर पोचत नव्हता?”

“पोचायचा,” तो हळूच म्हणाला.

“मग तुमच्या पोटात का दुखलं?”

त्याचे कान लाल झाले. “कुणाची चाल होती ती?”

“माझ्या भावाची. तिच्या मुलाची. आता तो नाही.”

“मला माहीत नव्हतं हो.”

“विचारायचं होतं! कॅमेऱ्यासमोर बसवायला माझा नंबर सापडला. विचारायला नाही सापडला?”

“अगं, ओरडू नकोस त्याच्यावर,” आई म्हणाली. “त्याला विचार, भिंगरीला कुठं ठेवलंय.”

माणूस घाईघाईनं आईकडे वळला. “आहे आजी, आहे. टाकला नाहीये. जुन्या लोकांसाठी आत ठेवलाय.” त्यानं खेळ थांबवून एक यादी उघडली. जुना आवाज, जुने रंग, आणि सगळ्यात खाली : ‘मूळ दोष – बंद’. त्यानं ते ‘चालू’ केलं.

आणि कौलांवरून भिंगरी आला. टेक, हात, झोका. टेक, हात, झोका. आईनं खुर्ची पुढे ओढली, तिचा हात आपोआप वर गेला. “सावकाश रे,” ती म्हणाली, “पडशील मेल्या.”

बिल्लेवालीला रडू फुटलं, आणि या माणसापुढे रडू फुटलं याचा तिला आणखीनच संताप आला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं तशीच राहिली होती : ‘मूळ दोष चालू’.

“ते नाव काढा,” ती म्हणाली.

“मॅडम, ते नाही माझ्या हातात. माल तयार होऊन गेलाय दुकानांत.”

“चाल बदलायला हात होते, नाव बदलायला नाहीत?”

त्यानं कंट्रोलर खाली ठेवला.

“लावा तुमचा कॅमेरा,” ती म्हणाली. त्यानं लावला. तिनं डोळे पुसले नाहीत. “हा दोष नाही. हा माझा भाऊ आहे. तो असाच चालायचा, आणि धड पायांच्या कितीतरी जणांपेक्षा जास्त चालला. झालं. दाखवा आता लोकांना.”

“प्रयत्न करतो.”

“प्रयत्न म्हणजे नाही. कळतं मला. या आता.”

तो उठला. सोबत आणलेलं नवं मशीन त्यानं आईसाठी तिथंच ठेवलं. दारात बूट घालताना त्यानं वळून पडद्याकडे बघितलं. एक शब्द जरी बोलला असता तर तिनं दार त्याच्या तोंडावर आपटलं असतं.

मशीनला मेलं काही लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी लावलं की पहिला तो ताठ कण्याचाच येतो. मग यादी उघडायची, सगळ्यात खाली जायचं, आणि सख्ख्या बहिणीनं आपल्या अंगठ्यानं ‘दोष’ चालू करायचा. रोज. रोज ती कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मग आईच्या हातात कंट्रोलर द्यायची.

एका रविवारी तिनं शाळांचं काम बाजूला सारलं. जाड कापडाची एक छोटी पट्टी भरतकामाच्या मशीनखाली घेतली, शाळेच्या नावांना वापरते तोच पिवळा दोरा ओवला आणि तसंच ठसठशीत अक्षर भरलं. पट्टी नेऊन टीव्हीच्या काचेवर, ते बारीक शब्द यायचे नेमक्या त्या कोपऱ्यात चिकटवली.

“काय गं लावलंस?” आईनं विचारलं. “मला वाचता येत नाही.”

“त्याचं नाव.”

“बरं केलंस.” आईनं त्याला दुसऱ्या टोकापर्यंत नेलं आणि बटण सोडलं. कौलाच्या कडेला तो थांबला, डावा तळहात गुडघ्यावर. पट्टीचं एक टोक सुटू बघत होतं. बिल्लेवाली उठली आणि अंगठ्यानं ते दाबून धरून उभी राहिली.